जमिनीतला कर्ब कसा मोजायचा? खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शेतकरी, कृषी आणि भूगोलाचे विद्यार्थी, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतली मंडळी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेंद्रिय पदार्थ, ह्यूमस आणि सेंद्रिय कर्ब हे सगळं एकच ना?

नाही. कुजलेला पाला, मुळं, शेण, सूक्ष्मजीवांचे अवशेष हे सगळे मिळून सेंद्रिय पदार्थ. ते कुजून मातीच्या कणांना चिकटलेला, सहज न ओळखू येणारा गडद भाग म्हणजे ह्यूमस. या सगळ्यात जेवढं कार्बन हे मूलद्रव्य असतं तो सेंद्रिय कर्ब. सेंद्रिय पदार्थात साधारण ५८ टक्के कार्बन असतो असं धरायची जुनी पद्धत आहे. म्हणून कर्बाच्या आकड्याला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा आकडा येतो. एका अहवालात कर्ब आणि दुसऱ्यात सेंद्रिय पदार्थ दिला असेल तर त्यांची थेट तुलना करू नका.

२. आमचं वावर काळंभोर आहे. म्हणजे कर्ब भरपूर असणार ना?

हा समज खानदेशात फार खोलवर रुजला आहे आणि त्यामुळे नुकसानही होतं. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली. तिच्या काळेपणाला स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीला घट्ट धरून बसलेला थोडासा ह्यूमस आणि खडकातून आलेली लोहयुक्त खनिजं कारणीभूत असतात. अर्धा टक्कासुद्धा कर्ब नसलेली माती कोळशासारखी काळी दिसू शकते. उलट सातपुड्यात झाडाखालची तांबूस-तपकिरी माती तिच्या दुप्पट-तिप्पट कर्ब बाळगून असते. कर्ब किती आहे ते रंगावरून ठरत नाही, मोजावंच लागतं.

३. मोबाइलने मातीचा फोटो काढून कर्ब सांगणारं ॲप वापरू का?

काळ्या जमिनीसाठी नको. कारण प्रश्न २ मध्ये आहे. शिवाय ओली माती आणि वाळलेली माती यांच्या फोटोत जेवढा फरक दिसतो, तेवढा कर्बातल्या फरकाने दिसत नाही.

४. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४५ लिहिला आहे. हे वाईट आहे का?

कमी आहे. सर्वसाधारण वर्गवारीत ०.५० टक्क्यांखाली कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यावर १२ गोष्टी तपासून दिल्या जातात, त्यात कर्ब एक. पत्रिकेचा उद्देश खताची मात्रा ठरवणं हा आहे, आणि त्यासाठी हा आकडा पुरेसा आहे. पण या पत्रिकेवरून ‘माझ्या शेतात किती टन कार्बन साठला आहे’ हे काढता येत नाही. टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. साठ्यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात, त्या प्रश्न १० मध्ये पहा.

५. केळीच्या बागेतून नमुना नेमका कुठून घ्यायचा?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लाखो रुपयांचं यंत्र असलं तरी चुकीच्या जागची माती ते दुरुस्त करू शकत नाही.

ठिबकच्या तोटीखालची माती घेऊ नका. तिथे खतं उतरलेली असतात, ओलावा सतत असतो, मुळांची गर्दी असते. ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यातलीच सगळी माती घेणंही चूक. बागेत ओळीजवळचा पट्टा आणि मधला पट्टा यांनी जमीन जेवढी व्यापली असेल, त्या प्रमाणात दोन्हीकडून नमुने घ्या. बांधाजवळ, उकिरड्याच्या जागी, झाडाखाली, पाटाच्या कडेला आणि कापलेले केळीचे खांब टाकून कुजवलेत त्या ढिगाखाली नमुना घेऊ नये. शेणखत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा.

शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणं धरा. वरचा न कुजलेला पाला बाजूला सारा, पण माती खरवडू नका. फावड्याने इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करा, त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा दोन बोटांचा काप घ्या. वर जाड आणि खाली निमुळता काप निघाला तर वरच्या मातीचं प्रमाण वाढतं आणि कर्ब फुगून येतो. सगळे काप स्वच्छ घमेल्यात मिसळा, ढीग सपाट करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. माती सावलीत वाळवा. घमेल्यात आधी युरिया किंवा शेणखत कालवलेलं नसावं, हे सांगायची वेळ येते म्हणून लिहितो.

मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) एकाच शेतात शेजारी असतील तर नमुने वेगळे ठेवा.

६. किती खोलवर जायचं? कुणी १५ सेंमी सांगतं, कुणी ३०.

खतासाठी १५ ते २० सेंमी पुरतात. कार्बनचा साठा काढायचा असेल तर किमान ३० सेंमी. हवामान बदलावर काम करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या पद्धतीतही मूळ खोली ३० सेंमीच धरली आहे. शक्य असेल तर ०–१५ आणि १५–३० असे दोन थर वेगळ्या पिशव्यांत घ्या. नांगरट बंद केल्यावर कर्ब वरच्या थरात गोळा होतो. फक्त वरचा थर तपासला तर कर्ब वाढल्याचा भास होतो, खरं तर तो नुसता वर सरकलेला असतो.

७. प्रयोगशाळेत कर्ब मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

बहुतेक प्रयोगशाळांत अजूनही वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ची पद्धत चालते. एक ग्रॅम बारीक चाळलेली माती फ्लास्कमध्ये घेतात, तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं १० मिली द्रावण आणि मग २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. फ्लास्क हाताला चटका बसेल इतका तापतो. त्या उष्णतेत डायक्रोमेट मातीतल्या कर्बाचं ऑक्सिडीकरण करतं. अर्धा तास तसंच ठेवून पाणी आणि फॉस्फोरिक आम्ल घालतात, डायफेनिलअमाइनचा सूचक टाकतात आणि उरलेलं डायक्रोमेट किती ते ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडून मोजतात. द्रावण आधी गढूळ तपकिरी, मग गडद जांभळट निळं होतं आणि शेवटच्या एका थेंबाला स्वच्छ हिरवं होतं. तो थेंब ओळखता येणं हेच या कामातलं कौशल्य आहे.

हिशोब असा. माती नसलेल्या फ्लास्कला २० मिली लागले आणि मातीच्या फ्लास्कला १६.६ मिली, तर फरक ३.४ मिली. फेरसचे २० मिली म्हणजे डायक्रोमेटचे १० मिली, म्हणून खर्च झालेलं डायक्रोमेट त्याच्या निम्मं, १.७ मिली. प्रत्येक मिलीमागे ०.००३ ग्रॅम कर्ब. म्हणजे एक ग्रॅम मातीत ०.५१ टक्के.

माती लोखंडी खलबत्त्यात कुटू नका. लोखंडाचे कण डायक्रोमेट खातात आणि कर्ब जास्त दिसतो. पोर्सेलीनचा किंवा लाकडी घ्या. आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नये, त्यातलं क्रोमियम विषारी असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळांनी तरी हे काटेकोर पाळायला हवं.

८. एकच माती दोन लॅबमध्ये दिली. एकीने ०.५१ दिलं, दुसरीने ०.६६. कोण खोटं?

बहुधा कुणीच नाही. या पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाहीत, त्यामुळे मातीतला सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच जळतो. काही प्रयोगशाळा जेवढा जळला तेवढाच लिहितात, काही तो १.३ ने गुणून पूर्ण कर्ब देतात. ०.५१ ला १.३ ने गुणा, ०.६६ येतं. म्हणून अहवाल घेताना एकच विचारा: ‘दुरुस्ती गुणांक लावला आहे का?’ उत्तर अहवालावर लिहून घ्या. गुणांक माहीत नसलेले दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून कर्ब वाढला असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. शिवाय ७७ टक्के ही सरासरी आहे. जंगलातल्या मातीत आणि खालच्या थरात ती बदलते. संशोधनाचं काम असेल तर थोडे नमुने प्रश्न ९ मधल्या यंत्रावर तपासून आपल्या मातीचा गुणांक आपणच काढावा.

९. आमच्या जमिनीत चुनखडी आहे. त्याने कर्ब जास्त दिसतो का?

पद्धतीवर अवलंबून. चुनखडीतही कार्बन असतो, पण तो असेंद्रिय. वॉकली-ब्लॅक पद्धतीत तो धरला जात नाही. आम्ल घातल्यावर फेस येतो इतकंच.

पण मोठ्या संस्थांत माती साधारण हजार अंश सेल्सिअसला जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असतं. ही पद्धत सगळ्यात भरवशाची मानली जाते. ते यंत्र मात्र चुनखडीतला कार्बनही मोजतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो. तापीच्या खोऱ्यातल्या एखाद्या मातीत ८ टक्के चुनखडी असेल तर असेंद्रिय कार्बनच ०.९६ टक्के झाला. त्या मातीत सेंद्रिय कर्ब ०.६ असला तरी यंत्र १.५६ दाखवेल आणि अहवाल वाचणारा खूश होईल. म्हणून आधी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पहा. फसफसलं तर चुनखडी वेगळी मोजून वजा करावी, किंवा नमुन्यावर आम्लाची प्रक्रिया करूनच यंत्रात घालावी.

१०. टक्क्यांवरून हेक्टरी टन कसे काढायचे?

कर्बाची टक्केवारी × मातीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) × खोली (सेंमी) = हेक्टरी टन. दगड असतील तर त्यांचा भाग वजा करायचा (प्रश्न १२). उदाहरणार्थ, कर्ब ०.६ टक्के, घनता १.३, खोली ३० सेंमी. उत्तर २३.४ टन प्रति हेक्टर, म्हणजे एकरी साधारण साडेनऊ टन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचं तर ३.६७ ने गुणा.

सगळे जण टक्केवारीच्या मागे धावतात आणि घनता पुस्तकातून उचलतात. घनता १.१ आहे की १.४, यानेच उत्तरात पाव हिस्सा फरक पडतो. आयती उचललेली घनता चालणार नाही, ती शेतातच मोजायची.

११. घनता कशी मोजायची? काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते.

अगदी बरोबर शंका. धारदार कडेचा लोखंडी नळीचा तुकडा घ्या. ५ सेंमी व्यास आणि ५.१ सेंमी उंची असली की आतलं घनफळ १०० घन सेंमी होतं. तो लाकडी ठोकळा ठेवून हळू ठोकत मातीत बसवा, भोवतालची माती उकरून अलगद काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापा. माती १०५ अंशांना २४ तास ओव्हनमध्ये वाळवून वजन करा. १२८ ग्रॅम भरली तर घनता १.२८.

काळ्या मातीत हे वाफशावरच करावं. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात ढेकळाची घनता मिळते, शेताची नाही, कारण भेगांची जागा हिशोबात येतच नाही. चिखलात नळी ठोकली तर माती दाबली जाते. दरवर्षी साधारण त्याच ओलाव्याला मोजा आणि ओलावा लिहून ठेवा. दोन वर्षांची तुलना करताना सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनाच्या कोरड्या मातीची तुलना करणं अधिक न्याय्य आहे. नांगरून भुसभुशीत झालेल्या रानात ३० सेंमीत कमी माती मावते, कर्ब कमी झालेला नसतो.

१२. तोरणमाळकडे आणि पालच्या जंगलात हातभर खोदलं की दगडच लागतात. तिथे नळी ठोकली जात नाही. मग?

तिथे नळीचा नाद सोडा. वीत-दीड वीत लांब-रुंद खड्डा सरळ कडांनी खोदा, निघालेली सगळी माती आणि दगड ताडपत्रीवर जपून ठेवा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा. जेवढे लिटर पाणी मावलं तेवढं खड्ड्याचं घनफळ. मग माल २ मिमी चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेले दगड पाण्यात बुडवून त्यांचं घनफळ काढा.

दगड वजा केले नाहीत तर काय होतं पहा. कर्ब १.५ टक्के, चाळलेल्या मातीची घनता १.१, खोली ३० सेंमी, म्हणजे ४९.५ टन. पण घनफळाचा ३५ टक्के भाग दगड असेल तर खरा साठा ३२ टनांच्या आसपास. सातपुड्याच्या उतारावर हा फरक नेहमीचा आहे आणि उत्साहाच्या भरात तो विसरला जातो.

उलटी चूकही होते. चाळलेल्या मातीचं वजन पूर्ण खड्ड्याच्या घनफळाने भागलं असेल तर दगड आधीच वजा झालेले असतात. पुन्हा वजा करू नका.

१३. जंगलातला पालापाचोळा मातीत धरायचा का?

नाही, तो वेगळा साठा आहे. आयपीसीसीच्या हिशोबात जंगलाचा कार्बन पाच ठिकाणी मोजतात: जमिनीवरचा झाडोरा, मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. ५० सेंमी बाजूची लाकडी चौकट जमिनीवर ठेवून आतला सगळा पाला उचला, वाळवून वजन करा. साग आणि अंजनाच्या रानात हे वर्षातून एकदाच केलं तर फसाल. पानगळीनंतर थर जाड असतो, पावसाळ्याअखेर तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो. नमुन्याचा महिना लिहायलाच हवा.

१४. वणवा लागून गेलेल्या जागेचा कर्ब मोजता येतो का?

येतो, पण आकड्याचा अर्थ जपून लावा. मोह वेचण्यासाठी किंवा तेंदूपत्त्याला चांगली पालवी यावी म्हणून जिथे दरवर्षी आग लावली जाते, तिथे मातीत कोळशाचे कण असतात. कोळशातला कार्बन डायक्रोमेटला पुरता दाद देत नाही, काही भागच मोजला जातो. हजार अंशांवर जाळणारं यंत्र तो पूर्ण मोजतं. म्हणून अशा जागी दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत आणि १.३ चा गुणांकही लागू पडत नाही. वरची राख हलक्या हाताने बाजूला काढून वेगळ्या पिशवीत भरा आणि आग कधी लागली ते लिहा.

१५. पऱ्हाट्यांचा बायोचार करून शेतात टाकला. कर्ब का वाढला नाही?

प्रश्न १४ मधलंच कारण. बायोचार म्हणजे कोळसाच. नेहमीच्या चाचणीत त्याचा मोठा भाग दिसत नाही. तरीही पऱ्हाट्या बांधावर पेटवून देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं काम आहे, चाचणीचा आकडा पाहून सोडू नका.

१६. चोपण आणि खारवट जमिनीत काही वेगळं करावं लागतं का?

हो. मातीत क्लोराइड जास्त असेल तर तेही डायक्रोमेट खर्च करतं आणि कर्ब जास्त दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घालून हे टाळतात. नाहीतर क्लोराइडची टक्केवारी मोजून तिचा बारावा हिस्सा कर्बातून वजा करतात. पाटपाण्याखाली खारवट झालेल्या जमिनीचा नमुना देताना तसं पिशवीवर लिहा.

१७. पीट म्हणजे काय? ते खानदेशात आहे का?

खानदेशात नाही. सतत पाणी साचलेल्या जागी प्राणवायू पोचत नाही, म्हणून वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि शतकानुशतकं थरावर थर साचत जातात. ते पीट. ते वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. आपल्याकडे सात-आठ महिने जमीन कोरडी असते, तिथे ते बनणार कसं? भारतात केरळच्या कुट्टनाडमध्ये आणि निलगिरीच्या उंच दऱ्यांत अशी माती आढळते. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के जागेवरच पीट आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे.

मोजण्याची रीतही वेगळी. ३० सेंमीवर थांबून चालत नाही, तळाची खनिज माती लागेपर्यंत जावं लागतं, कधी कित्येक मीटर. बंद होणारी अर्धी नळी असलेलं गिरमिट वापरतात, म्हणजे मऊ पीट दाबलं जात नाही. कोरडी घनता ०.१ च्या आसपास आणि कर्ब ५० टक्क्यांच्या जवळ. प्रश्न १० चं सूत्र लावा: एक मीटर जाडीत हेक्टरी ५०० टन. आपल्या काळ्या रानाचे २३ टन त्याच्याशेजारी ठेवून पहा. एवढ्या कर्बापुढे वॉकली-ब्लॅकचं डायक्रोमेट संपून जातं, म्हणून पीट जाळूनच मोजतात.

१८. रोपवाटिकेतलं कोकोपीट म्हणजे पीटच का?

नाही. ते नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. टिश्यू कल्चर केळीच्या रोपाबरोबर ते थोडं शेतात येतं, पण त्याने शेताच्या कर्बात मोजण्याइतका फरक पडत नाही.

१९. माती भट्टीत जाळून वजनातली घट मोजली तर? कॉलेजात मफल भट्टी आहे.

पीटसाठी आणि पालापाचोळ्यासाठी उत्तम. १०५ अंशांवर वाळवून, मग ५५० अंशांवर चार तास जाळून घट मोजतात. काळ्या मातीसाठी मात्र नको. चिकणमातीच्या स्फटिकात अडकलेलं पाणी त्या तापमानाला निघून जातं आणि ती घट सेंद्रिय पदार्थाची समजली जाते. ज्या मातीत सेंद्रिय पदार्थ जेमतेम एक टक्का आहे, तिथे चिकणमातीचं पाणीच त्याहून जास्त भरतं.

२०. शेणखत, हिरवळीचं खत सुरू केलं. पुढच्या वर्षी फरक दिसेल का?

मातीत फरक पडायला लागेल, चाचणीत विश्वासाने दिसणार नाही. हेक्टरी ३० सेंमीत सुमारे ३,९०० टन माती असते (घनता १.३ धरून). कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ३.९ टन कार्बन मातीत टिकायला हवा. टाकलेल्या खतातला बराचसा कार्बन तर आपल्या उन्हाळ्यात हवेत परत जातो. आणि एकाच शेतात दोन ठिकाणच्या नमुन्यांतच ०.१ चा फरक सहज निघतो. चार-पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागांवरून, त्याच पद्धतीने मोजा. आयपीसीसी तर जमिनीचा वापर बदलल्यावर कर्ब नव्या पातळीला स्थिरावायला २० वर्षं धरते.

२१. गावात एक जण कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो म्हणतो. सही करू का?

आधी त्याला विचारा: सुरुवातीचा साठा कोण मोजणार, किती खोलीपर्यंत, घनता शेतात मोजणार का, कुठली पद्धत, मोजणीचा खर्च कुणाचा, आणि पाच वर्षांनी कर्ब वाढला नाही किंवा मी नांगरट केली तर काय? क्रेडिट म्हणजे साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. ते साठ्यातल्या खऱ्या वाढीवर मिळतं, आज जमिनीत असलेल्या कर्बावर नाही. आजची मृदा आरोग्य पत्रिका दाखवून पैसे मिळतील असं कुणी सांगत असेल तर सही करू नका. करार मराठीत मागा.

२२. जंगलातून माती आणायला परवानगी लागते का?

लागते. वनविभागाची, आणि यावलसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असल्याने वेगळी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्रात ग्रामसभेला विचारल्याशिवाय खड्डा खोदू नका, आणि निकाल आले की ते ग्रामसभेत मराठीत, शक्य तर भिलोरी किंवा पावरीतही समजावून सांगा. माती त्यांची आहे.

२३. तपासून झाल्यावर उरलेली माती टाकून द्यायची का?

टाकू नका. पूर्ण वाळलेली माती झाकणाच्या बरणीत भरा. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका (शाई ओलाव्याने पसरते): गाव, गट क्रमांक, खोली, तारीख, पीक. बाहेर दुसरी चिठ्ठी चिकटवा. पाच वर्षांनी नवीन नमुना तपासायला द्याल तेव्हा ही जुनी मातीही त्याच दिवशी, त्याच प्रयोगशाळेत द्या. पद्धत बदलली, माणूस बदलला, गुणांक बदलला (प्रश्न ८), तरी दोन्ही नमुन्यांना तो सारखाच लागू होईल.